आधी भट्टीवर झाकण ठेवा : कोल्हापूरच्या फाउंड्री मालकांना खुले पत्र

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतीतल्या सर्व फाउंड्री मालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिरोलीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मेंटेनन्स बघतो. आयटीआयचा वायरमन म्हणून कामाला लागलो त्याला एकतीस वर्षं झाली. त्याआधी वडील उद्यमनगरात क्युपोलावर, म्हणजे कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीवर, होते. ऑइल इंजिनचे ब्लॉक ओतायचे. कोक फोडणं, भट्टी भरणं, हातातल्या लॅडलनं धातू ओतणं, यात त्यांची उमर गेली. आता माझा मुलगा डिप्लोमा करून कागलला लागलाय. तीन पिढ्या आम्ही तुमच्या भट्ट्यांच्या धगीत उभे आहोत. तेव्हा घरचाच माणूस बोलतोय असं समजून हे पत्र वाचावं.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. सोमवारी वीजदरावर मालकांची बैठक झाली. दर कमी करा, नाहीतर कारखाने कर्नाटकात नेऊ, असं तिथं ठरलं. हा इशारा कोल्हापुरात जुना आहे. कागलच्या पुढं थोडं गेलं की सीमाच लागते. आणि त्याच गुरुवारी आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या हवेच्या पाइपलाइनची गळती शोधणारी दोन पोरं परत फेटलिंगला, म्हणजे ओतून तयार झालेली कास्टिंगं घासून साफ करायला, पाठवली गेली. ती दोन पोरं मी दोन वर्षं मागं लागून मिळवली होती. कारण एका वाक्यात मिळालं, "त्यांच्यामुळं एक कास्टिंग वाढत नाही." मी केबिनमध्ये जाऊन बोललो. ऐकून घेतलं, चहा दिला, निर्णय तोच राहिला. हे एका कारखान्याचं दुखणं असतं तर गप्प बसलो असतो. पण आसपासच्या वीस-पंचवीस कारखान्यांत माझ्यासारखेच मेंटेनन्सवाले आहेत, आणि सगळ्यांची गाऱ्हाणी हीच आहेत.

विजेच्या दराबद्दलची तुमची तक्रार खरी आहे, हे आधी सांगतो. वितळवण्याचा सगळा खेळ विजेवर आहे. फाउंड्रीच्या एकूण ऊर्जेतला साधारण सत्तर टक्के वाटा एकटी भट्टी घेते. दर वाढला की मार्जिन जातं, मार्जिन गेलं की आमची पगारवाढ जाते. तुमच्याबरोबर मोर्चात मीही येईन. पण बैठकीत जे बोललं गेलं नाही, ते इथं हिशोबासकट मांडतो.

कास्ट आयर्नचा एक टन थंड धातू पंधराशे अंशांपर्यंत न्यायला शास्त्राप्रमाणे चारशेच्या आत युनिटं पुरतात. प्रत्यक्षात तेवढ्यात कुणाचंच होत नाही. कॉइलमध्ये, पॅनलमध्ये, गार पाण्यात, उघड्या तोंडातून काही ना काही जाणारच. तरीही नीट चालवलेली इंडक्शन भट्टी (विजेच्या कॉइलनं धातू वितळवणारी) टनाला साडेपाचशे ते सहाशे युनिटांत बसते. ढिसाळ चालवली की हाच आकडा सातशेच्या वर जातो. आता दर युनिटला नऊ रुपये धरा. तुम्ही मागताय तशी एक रुपयाची सवलत मिळाली, तर सातशे युनिटांवर टनामागे सातशे रुपये सुटतील. आणि सातशेवरून सहाशेवर आलो, तर टनामागे नऊशे रुपये सुटतील. महिन्याला तीनशे टन वितळवणाऱ्या कारखान्यात हे दोन लाख सत्तर हजार झाले. सवलत मुंबईत ठरणार, कधी मिळेल, कधी जाईल, सांगता येत नाही. हे नऊशे रुपये मात्र आपल्या शेडमध्ये पडून आहेत आणि त्यांच्यासाठी कुणाचीही सही लागत नाही.

ते नेमके कुठं पडले आहेत, ते एकेक करून सांगतो.

सगळ्यात आधी भट्टीचं तोंड. वितळलेल्या लोखंडाचा उघडा पृष्ठभाग म्हणजे उष्णतेचा झराच. पाचशे किलोच्या भट्टीचं तोंड हातभर रुंद, पण तेवढ्यातूनसुद्धा सतत पंचवीस-तीस किलोवॅट निघून जाऊ शकतात. हीट (वितळवण्याची एक फेरी) चालू असताना आणि धातू धरून ठेवलेला असताना झाकण असावं, हे भट्टी विकणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. किती कारखान्यांत झाकण आहे? असलं तर कितीत ते कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं नाही? आमच्याकडं हायड्रॉलिक झाकण होतं. सिलिंडरचं सील गेलं, काही हजारांचा खर्च होता, तो 'पुढच्या महिन्यात' म्हणत दीड वर्ष लांबला. त्या दीड वर्षात जी वीज छपराकडं गेली ती निम्मी छपराकडं गेली, निम्मी भट्टीवरच्या माणसाच्या तोंडावर आली. मागच्या मे महिन्यात दुपारच्या पाळीला आमचा एक मेल्टर (भट्टी चालवणारा) चार्जिंग करताना, म्हणजे भट्टीत माल भरताना, जागीच कोसळला. दवाखान्यातून तो बरा होऊन आला. पण त्या दिवसापासून मला झाकण म्हणजे नुसती विजेची बचत वाटत नाही. वाया जाणारं प्रत्येक युनिट आमच्याकडं कुणाच्या तरी कातडीवरून जातं.

दुसरं म्हणजे वाट बघत थांबलेली भट्टी. धातू तयार, आणि मोल्ड (वाळूचे साचे) तयार नाहीत. किंवा मोल्ड तयार, आणि लॅबमधून केमिस्ट्रीचा रिपोर्ट यायचाय. किंवा क्रेन दुसरीकडं अडकलीय. वीस-वीस मिनिटं भट्टी पॉवरवर धरून ठेवायची, मग धातू थंड झाला असेल या भीतीनं पुन्हा तापवायचा. तापवतानाही अंदाज, पायरोमीटरची (तापमान मोजणाऱ्या यंत्राची) टीप वाचवायची म्हणून डोळ्यानं रंग बघून ठरवायचं. डोळा चुकला की पन्नास अंश जास्त. त्या पन्नास अंशांना टनामागे साधारण पंधरा-वीस युनिटं लागतात, शिवाय भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर) लवकर झिजतं आणि कास्टिंगमध्ये दोष वाढतात. यात मेल्टरचा दोष कमी आहे. त्याला मोल्डिंग लाइन कुठवर आली ते कळतच नाही. दोन शेडमध्ये एक भिंत आणि त्या भिंतीवर एक दिवा लावला, 'दहा मोल्ड तयार' म्हटल्यावर पेटणारा, तरी निम्मं थांबणं संपेल. असा दिवा आम्ही भंगारातल्या सामानातून लावला होता. शेड रंगवताना तो काढला, परत लावला नाही.

तिसरी गोष्ट रनर-रायझरची, म्हणजे साच्यात धातू जाण्याच्या वाटांत गोठणाऱ्या आणि नंतर तोडून काढायच्या लोखंडाची. वाळू चिकटलेले हे तुकडे, म्हणजे रिटर्न्स, तसेच भट्टीत जातात. वाळूही तापते, वितळते, स्लॅग (मळी) होते आणि आपण ती काढून फेकतो. चार्जमागे एक टक्का स्लॅग म्हणजे टनाला दहा युनिटं, हा अंदाज भट्टीवाल्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. रिटर्न्स वाळू झाडणाऱ्या टंबलरमध्ये किंवा शॉट ब्लास्टमध्ये एकदा फिरवून घेतले की हे वाचतं. गंजलेलं, तेलकट भंगार स्वस्त मिळतं म्हणून आणलं जातं, त्याचाही खरा भाव भट्टीच्या मीटरवर कळतो. खरेदीवाला आणि भट्टीवाला एकमेकांशी कधी बोलतच नाहीत.

आता रिजेक्शन, म्हणजे दोष निघून बाद झालेला माल. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ऊर्जेच्या बैठकीत हा शब्दच निघत नाही. तो 'क्वालिटी'चा विषय मानला जातो. शंभर टन धातू वितळवला. त्यातला पस्तीस टन रनर-रायझरमध्ये गेला. पासष्ट टन कास्टिंग झालं. त्यातलं आठ टक्के रिजेक्ट झालं, म्हणजे गाडीत चढलं ते साठ टनांच्या आसपास. आपण वीज मोजतो शंभर टनांवर. पण गिऱ्हाईक पैसे देतं साठ टनांचे. टनाला सहाशे युनिटांनं वितळवलं तरी चांगल्या कास्टिंगच्या टनामागे हजार युनिटं पडली. रिजेक्शन आठवरून तीन टक्क्यांवर आणलं, तर चांगल्या टनामागे पन्नास युनिटं वाचतात, भट्टीला हातसुद्धा न लावता. आणि वितळवण्याच्या विजेच्या पलीकडं त्या कास्टिंगवर वाळू खर्च झाली, कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे) भाजले गेले, मोल्डिंगची हवा गेली, फेटलिंगवाल्यानं दिवसभर ग्राइंडर मारला. ते सगळं पुन्हा भट्टीत. मध्यरात्री रिजेक्ट कास्टिंगची ट्रॉली भट्टीकडं जाताना बघितली की पोटात कालवतं. माझ्या वडिलांच्या वेळी खराब ब्लॉक निघाला की मालक स्वतः तो फोडून बघायचे, ब्लो होल (हवेनं पडलेलं भोक) कुठं आहे, वाळू ओली होती की धातू थंड होता. आज तो आकडा संगणकात भरला जातो आणि महिनाअखेरीस टक्केवारी म्हणून वाचला जातो. मोल्डरला, कोअर करणाऱ्या बायकांना तो कधीच सांगितला जात नाही, आणि दोष कुठून येतो हे त्यांनाच आधी कळतं.

हवेबद्दल लिहिताना हात आखडता घेणं मला जमणार नाही, कारण हे पत्रच त्या दोन पोरांमुळं लिहितोय.

कॉम्प्रेस्ड हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा आहे. कॉम्प्रेसरला जेवढी वीज देतो त्यातली जेमतेम दहा-पंधरा टक्के कामाच्या रूपानं टोकाला मिळते, बाकीची उष्णता होऊन जाते. एवढी महाग केलेली हवा आपण फुकट असल्यासारखी सोडतो. सात किलोच्या प्रेशरला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जाणारी हवा तयार करायला तीन ते चार किलोवॅट लागतात. वर्षाला सहा हजार तास धरले तर अठरा ते चोवीस हजार युनिटं. नऊ रुपयांनं दीड ते दोन लाख. एका भोकाचे! ते भोक बुजवायला एक क्लॅम्प, एक रबरी नळी, नाहीतर टेफ्लॉन टेपचे चार वेढे लागतात. देखभाल न केलेल्या कारखान्यात तयार हवेचा पाव हिस्सा गळतीत जाणं ही नेहमीची गोष्ट आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. रविवारी सगळी मशिनं बंद ठेवा, हवा वापरणारं एकही काम चालू नको. कॉम्प्रेसर एकटा चालू करा. लाइन भरली की तो अनलोड होईल, म्हणजे हवा भरणं थांबवेल. गळतीनं प्रेशर उतरलं की पुन्हा लोड होईल. दहा मिनिटांत किती वेळ तो लोडवर राहिला, घड्याळ लावून मोजा. चार मिनिटं राहिला तर त्याच्या क्षमतेतली चाळीस टक्के हवा फक्त भोकांना जातेय. आमच्याकडं पहिल्यांदा मोजलं तेव्हा जवळपास तेवढंच निघालं होतं. त्या दोन पोरांनी साबणाच्या पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन, लाइन चढून-उतरून, वर्षभरात ते दीड मिनिटावर आणलं. दुसरा कॉम्प्रेसर आम्ही पाळीत चालवायचा बंद केला. हे सगळं माझ्या वहीत तारखेसह आहे. आणि त्यांच्यामुळं कास्टिंग वाढत नाही म्हणून ती आता ग्राइंडर मारतायत. गळती ही एकदा बुजवून संपत नाही, मालक. कंपनांनी सांधे ढिले होतात, नळ्या तडकतात. तीन महिन्यांत आम्ही पुन्हा होतो तिथं येऊ.

प्रेशरचंही तसंच. लाइनच्या शेवटच्या टोकाला एका मशिनला हवा पुरत नाही म्हणून सगळ्या कारखान्याचं प्रेशर साडेसातवर ठेवायचं. एक किलो प्रेशर कमी केलं तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. त्या टोकाच्या पाइपचा व्यास वाढवला, जवळ एक टाकी ठेवली, तर प्रश्न मिटतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही राऊंडला येता तेव्हा दिसत नाही, कारण तुम्ही आलात की नळी खाली ठेवली जाते. भट्टीजवळची, फेटलिंगमधली माणसं उकाड्यानं हवेची नळी अंगावर सोडून घेतात. धोक्याचं आहे, डोळ्याला, कानाला इजा होते, हे त्यांनाही माहीत आहे. पण दुसरा वारा नाही. त्या उघड्या नळीमागे कॉम्प्रेसरचे पाच-दहा किलोवॅट जळतात. तेवढ्यात अख्ख्या शेडला पुरतील इतके मोठे पंखे चालतात. पंखे द्या. छपरावरचे वारा ओढणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवा, त्यांना तर वीजच लागत नाही.

मोटारींचं थोडक्यात सांगतो. वीस एचपीची मोटर वर्षभरात पाऊण भारावर चालून पाऊण लाख युनिटं खाते, म्हणजे सहा-सात लाखांची वीज. तिची स्वतःची किंमत लाखाच्या आत असते. तरी ती जळली की आपण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा रिवाइंड करून घेतो, कारण रिवाइंडिंग स्वस्त. प्रत्येक खराब रिवाइंडिंगमागे एक-दोन टक्के कार्यक्षमता जाते. तीन टक्के गेली तर वर्षाला वीस हजारांहून जास्त रुपये गेले, दरवर्षी. सँड प्लांटचा (वाळू तयार करण्याच्या विभागाचा) धूळ ओढणारा ब्लोअर डँपर (हवेची झडप) अर्धा बंद करून पूर्ण वेगानं पळवला जातो. त्याला वेग बदलणारा ड्राइव्ह लावून वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्म्यावर येते. पंख्याचा हा नियम आहे, वेग थोडा उतरला की वीज फार उतरते.

पॉवर फॅक्टरचं, म्हणजे ओढलेल्या विजेतल्या खऱ्या कामाच्या विजेच्या प्रमाणाचं, तुम्हाला अकाउंटंट सांगत असतीलच. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (ओढलेल्या एकूण विजेवर) आलं, तेव्हापासून पॉवर फॅक्टर घसरला की थेट युनिटं वाढतात. तरी कितीतरी कारखान्यांत पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनलमधले निम्मे कपॅसिटर फुगून मेलेले आहेत. दर महिन्याला क्लॅम्प मीटरनं एकेकाचा करंट बघणं, एवढंच काम असतं.

हे सगळं मला एकट्याला सुचलं असं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं एनर्जी ऑडिट झालं. ऑडिटर अभ्यासू माणूस होता, तीन दिवस आमच्याबरोबर भट्टीवर उभा राहिला, मेल्टरशी मराठीत बोलला, डबाही आमच्यातच खाल्ला. साठ पानांचा रिपोर्ट आला, इंग्रजीत. तो केबिनच्या कपाटात गेला. शॉपवर त्यातलं एक पानही आलं नाही. ज्या मेल्टरनं त्याला झाकणाची अडचण सांगितली होती, त्याला आपलं म्हणणं रिपोर्टात आलं की नाही हेसुद्धा कळलं नाही. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनाचा फलक गेटवर लागतो. त्या फलकाखालून आत येताना मला दरवर्षी त्या कपाटाची आठवण होते.

मोठ्या कारखान्यांना सरकारनं बांधून घेतलंय. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालच्या 'पॅट' योजनेत २०१२ पासून सिमेंट, पोलाद, खत, कागद असल्या क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या ग्राहकांना पहिल्या टप्प्यात बचतीचं लक्ष्य दिलं गेलं, आणि त्यांनी ते मिळून ओलांडलं. आपण छोटे, त्यामुळं आपल्याला कुणी विचारत नाही. पण गिऱ्हाईक विचारायला लागलंय. युरोपच्या सीमेवरच्या कार्बन कराच्या नोंदी १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाल्या, १ जानेवारी २०२६ पासून त्याचा प्रत्यक्ष अंमल आला. लोखंड-पोलादाच्या बऱ्याच वस्तू त्यात आहेत. आपल्या प्रत्येक कास्टिंगला तो आज लागू नाही. तरी बाहेर माल पाठवणाऱ्या गाडी कंपन्या आपल्या पुरवठादारांना किलोमागे किती कार्बन, असं विचारू लागल्या आहेत. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टनामागे वाया जाणारी शंभर युनिटं म्हणजे सत्तर किलो. ज्याच्याकडं विभागवार मीटरच नाही, तो गिऱ्हाइकाला काय उत्तर देणार?

छपरावर सोलर बसवणाऱ्यांचं मी स्वागत करतो, जरूर बसवा. फक्त सोलर बसला म्हणून गळकी लाइन तशीच राहू देऊ नका. त्या पॅनलची वीज भोकांतून जाईल. वापरलेल्या वाळूबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, इतकं ते मोठं आहे. रस्त्याकडेला, ओढ्याकाठी पडलेले काळे ढीग आमच्या गावांच्या हद्दीत आहेत, तुमच्या बंगल्यांसमोर नाहीत, एवढंच आज लिहितो.

तुमच्याकडं माझ्या मागण्या अशा आहेत.

भट्टी, कॉम्प्रेसर, सँड प्लांट, फेटलिंग, प्रत्येकाला वेगळा मीटर बसवा. रोज सकाळी शॉपच्या फळ्यावर एकच आकडा खडूनं लिहा, काल चांगल्या कास्टिंगच्या एका टनाला किती युनिटं लागली. वितळवलेल्या टनाला नको, गाडीत चढलेल्या टनाला. तो आकडा मराठीत, सगळ्यांना दिसेल असा. ज्याला आकडा दिसतो तो त्याच्यावर बोलतो, आणि बोलायला लागला की काम सुधारतं, हे मी दिव्याच्या बाबतीत बघितलंय.

भट्टीचं झाकण नादुरुस्त असेल तर ती भट्टी बंद पडल्याइतकी तातडीची गोष्ट माना. पायरोमीटरच्या टीपांवर काटकसर करू नका.

गळती शोधणारी माणसं कायमची ठेवा, दर महिन्याला एक रविवार मोजणीचा ठेवा, आणि भट्टी-फेटलिंगवर पंखे बसवल्याशिवाय हवेच्या नळीवरून कुणाला दंड करू नका. आमच्या दोन पोरांना परत पाठवा, ही माझी आमच्या मालकांना जाहीर विनंती आहे.

दोनदा रिवाइंड झालेली मोटर तिसऱ्यांदा जळली तर ती भंगारात, तिच्या जागी आयई-३ (जास्त कार्यक्षमतेच्या श्रेणीची) किंवा त्यावरची, असा लेखी नियम करा.

ऑडिट रिपोर्टचा दोन पानी मराठी सारांश प्रत्येक विभागात लावा. त्यातलं काय केलं, काय नाही आणि का नाही, हे सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर सांगा.

वाचलेल्या पैशांतला एक ठरलेला वाटा, कितीही लहान असो, त्या विभागातल्या कामगारांना द्या. आणि बचत झाली म्हणून एकही माणूस कमी करणार नाही, हे लिहून द्या. ही शेवटची गोष्ट नसेल तर बाकीच्या सगळ्या कागदावर राहतील. बचत केली की आपलंच काम जाईल, ही भीती शॉपवर आहे. ती निराधार आहे असं आज मी कुणाला सांगू शकत नाही.

तुमच्या संघटनांनी मिळून एक पॉवर अॅनालायझर, एक थर्मल कॅमेरा आणि गळतीचा आवाज पकडणारं एक अल्ट्रासॉनिक यंत्र घ्यावं. एकट्या छोट्या मालकाला ते परवडत नाही. वसाहतीत फिरतं ठेवलं तर सगळ्यांना पुरेल. एका ठिकाणी करून दाखवलेलं सगळ्यांच्या कामी येणं, हे पूर्वी झालंय. हावड्याच्या फाउंड्र्यांसाठी ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या टेरी संस्थेनं १९९८ मध्ये दुहेरी हवेची (दोन पातळ्यांवर हवा सोडणारी) क्युपोला प्रत्यक्ष उभी करून कोक कसा वाचतो ते दाखवलं, आणि एकाचं बघून दुसऱ्यानं केलं. माझ्या वडिलांच्या क्युपोलाकडं असं कुणी कधी आलं नाही.

महावितरण आणि महाऊर्जेच्या (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या) साहेबांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भरल्या भट्टीवर वीज गेली की धातू थंड होतो, पुन्हा तापवावा लागतो, कधी भट्टीतच गोठतो. ती युनिटं वाया जातात ती आमच्या चुकीनं नाही. औद्योगिक फीडरवर किती वेळा, किती मिनिटं वीज गेली, हे दर महिन्याला वसाहतीत जाहीर करा. आणि दर ठरवताना एक लक्षात घ्या. रात्रीच्या सवलतीवर आपल्या अनेक भट्ट्यांनी रात्रपाळी बसवली. आता सौर विजेमुळं दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग, अशी दराची दिशा वळतेय. भट्टी दिवसा आली तर एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यासमोर माणूस उभा राहणार आहे. पाळ्या बदलण्याआधी त्याची सावली, पाणी, विश्रांती कशी होणार ते मालकांनी आणि तुम्ही मिळून ठरवा.

जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ऊर्जा खात्यानं पानिपतला 'एडीईईटीआयई' ही योजना सुरू केली. हजार कोटींची तरतूद आहे, चौदा क्षेत्रांत फाउंड्रीचं नाव आहे. ऊर्जा बचतीच्या यंत्रांसाठी कर्ज काढलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात पाच टक्के, मध्यमांना तीन टक्के सूट. झाकण, ड्राइव्ह, नवा कॉम्प्रेसर यांसाठी पैसे नाहीत, असं केबिनमध्ये ऐकतो तेव्हा हे आठवतं. महाऊर्जेनं प्रत्येक वसाहतीत एक दिवस टेबल टाकून बसावं, अर्ज मराठीत समजावून सांगावा आणि मालकाबरोबर त्याच्या मेंटेनन्सच्या माणसालाही बोलवावं.

कारखाना सीमेपलीकडं नेणं तुम्हाला जमेल. भट्टी, पॅनल, कॉइल ट्रकवर चढतात. हेर्ले, टोप, नागाव, मौजे वडगावात हप्त्यांवर बांधलेली आमची घरं ट्रकवर चढत नाहीत. आणि गळकी लाइन तिकडं नेली तर तिकडंही ती गळेलच.

मला कुठल्याही रविवारी बोलवा. साबणाच्या पाण्याची बादली, ब्रश आणि घड्याळ मी घेऊन येतो, पैसे नकोत. त्या दिवशी तुम्ही स्वतः तुमच्या मेंटेनन्सच्या माणसाबरोबर कॉम्प्रेसरजवळ दहा मिनिटं उभे राहा आणि तो किती वेळ लोडवर राहतो ते मोजा. पुढचं आपण तिथंच बोलू.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक मेंटेनन्सवाला